बादलीवरचा माणूस

पहाटे साडेपाचला तळ्यावर जा,
ऑर्लिन निगार्ड आधीच आलेला असतो.
पिकअपचा मागचा फळा उघडा, थर्मास उघडा,
आणि पलीकडच्या काठावर, पालथ्या बादलीवर बसून
तो कुणाच्या तरी कुत्र्यासाठी बदक फेकत असतो.
कुणाच्या, ते विचारू नका.
पुष्कळदा त्यालाही ठाऊक नसतं.

मी पहिल्यांदा आले तेव्हा
माझ्याकडे एक पिवळी कुत्री होती, जुनिपर,
आणि एक शिट्टी, जी मी उलटी धरली होती.
(शाळेची बस चालवते मी. मला हॉर्न कळतो.)
बाकीचे हसले.
ऑर्लिननं गळ्यातली स्वतःची शिट्टी काढली,
दातांनी झिजलेली, दोरीला गाठी,
म्हणाला, "ही घे. हिला वाजायची सवय आहे."

जुनिपर पाणी चुकवायची.
सरळ पोहायचं सोडून काठाकाठानं पळायची,
कोरड्या पाठीनं बदक आणायची, शेपूट वर.
मला वाटायचं, केवढी हुशार!
"हुशार आहेच," तो म्हणाला,
"तू दाखवलेली वाट तिनं घेतली नाही
आणि तू तिला शाबासकी दिलीस.
आता सांग, कुणाला शिकवू?"

मग अख्खा हंगाम, दर मंगळवारी,
छातीपर्यंतचे रबरी बूट चढवून
तो पाण्यात उभा,
जिथे तिनं वळायचं नाही नेमका तिथे,
सत्तरीचा माणूस, कुंपणाच्या खांबासारखा.
पैशांचं विचारलं तर कानच खाजवत बसला.
"पुढे कुणी नवं येईल. त्याच्यासाठी तू उभी राहा."

संत वगैरे नाही.
पंचांना नॉर्वेजियनमध्ये शिव्या घालतो,
कॉफी करतो ती डांबर,
आणि माझा जॅक त्याच्याकडे चार वर्षं पडून आहे.
पण लोक आपल्या युक्त्या उशाखाली घेऊन झोपतात,
आणि हा हातचं काही राखत नाही.
पाणकणसांच्या मानांवरून वारा कसा वाचायचा,
कुत्रं चुकणार हे त्याच्या खांद्यावर आधी कसं दिसतं,
शिट्टी कधी वाजवायची नाही.
(हे शेवटचं शिकायला मला तीन वर्षं लागली.)
जुनिपरनं त्याच्या पिपला हरवलं
त्या दिवशी माझ्या बसच्या आरशाला
रिबन त्यानंच बांधली. वाकडी.

यंदा ऑक्टोबरात, तळ्याच्या कडेला बर्फाची साय,
पिपला तो लपवलेल्या बदकावर पाठवत होता.
तीनशे यार्ड. काळी कुत्री, काळं पाणी.
शिट्टी वाजली. ती वळली, आमच्याकडे तोंड करून
जागच्या जागी पाय मारत राहिली,
आणि ऑर्लिननं हात उचललाच नाही.

एक बदकांचा थवा डोक्यावरून गेला.

मग ओठ न हलवता, मला:
"कुठाय ती?"

"वठलेल्या झाडाच्या डावीकडे," मी म्हणाले,
"बदक उजवीकडे. वारा तिला खाली ढकलतोय."
त्यानं उजवा हात बाहेर काढला, सावकाश, पूर्ण,
आणि पिप वळली,
जणू तो तिला बघतच होता.

परतताना त्यानं पिकअपची किल्ली माझ्याकडे दिली.
"तू चालव. तुझी ती बस याहून लांब आहे."
एवढंच.

आता स्पर्धेला त्याचं नाव नसतं.
बादलीवर मात्र तोच.
"फेकायला डोळे कशाला?
पडल्याचा आवाज येतो की."

गेल्या शनिवारी एक पोरगा आला, डेव्हिन,
किराणा दुकानात खोकी लावतो,
त्याची चॉकलेटी कुत्री काठाकाठानं पळते
आणि तो टाळ्या वाजवतो.
म्हणून मी ही अशी पाण्यात उभी आहे, कमरेपर्यंत,
जिथे तिनं वळायचं नाही तिथे.
पलीकडून ऑर्लिन ओरडतो, "हलू नकोस!"

डाव्या बुटात पाणी शिरलंय.
बोटं आहेत की गेली कळत नाही.
इतकं सगळं सांगितलं त्यानं मला,
हे तेवढं कधी बोलला नव्हता.